खुले पत्र: काउंटरवरच्या क्रोम १०९ ला विसरू नका

प्रति,
सांगली जिल्ह्यातील पतसंस्था, विकास सोसायट्या, बाजार समित्या, दूध संस्था आणि साखर कारखाने यांच्यासाठी वेब अ‍ॅप्लिकेशन बनवणारे सर्व सॉफ्टवेअर व्यावसायिक
(पुण्यात बसून इथली कामं घेणारेही यात आले.)

विषय: नवीन वेब अ‍ॅप्लिकेशन जुन्या ब्राउझरवर चालेल अशी तजवीज करण्याबाबत.

स.न.वि.वि.

नवी प्रणाली सभागृहातल्या प्रोजेक्टरवर झकास चालते. हारतुरे होतात, आणि दुसऱ्या दिवशी शाखेच्या काउंटरवर पांढरी स्क्रीन येते. फोन केला की उत्तर ठरलेलं: "तुमचा संगणक जुना आहे, बदला." संगणक जुना आहे हे खरंच. पण स्क्रीन पांढरी पडण्याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या बिल्डच्या (लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरसाठी अंतिम फाइली बनवण्याच्या) सेटिंगमध्ये असतं आणि ते तुमच्याच टेबलावर दुरुस्त होतं. ते कसं, हे सांगायला हे पत्र.

आधी, हे संगणक बदलले का जात नाहीत ते पाहू. पतसंस्थेत पासबुक छापणारा प्रिंटर असतो, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ पुढे नीट चालत नाही. कारखान्याच्या किंवा मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर सिरियल पोर्टचा संगणक असतो, आणि काट्याचा प्रोग्राम करून देणारा माणूस आता फोन उचलत नाही. जतच्या पूर्व भागातल्या सोसायटीत सचिव अर्धवेळ आणि संगणक एकच. तिथे नवीन यंत्र म्हणजे ठराव, तीन कोटेशनं आणि पुढचं आर्थिक वर्ष. प्रणाली मात्र या महिन्यात सुरू व्हायची असते.

आता आवृत्त्यांचा हिशेब. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. त्याच यंत्रांवर फायरफॉक्स ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर थांबतो. फोनचं पाहिलं तर अँड्रॉइड ५ वर क्रोम ९५, अँड्रॉइड ६ वर १०६ आणि अँड्रॉइड ७ वर ११९ ही शेवटची पायरी. आयफोन ६एस आणि ७ हे आयओएस १५ वर थांबले, आणि तिथे क्रोम टाकून उपयोग नसतो, कारण आतलं इंजिन सफारीचंच. विंडोज एक्सपी क्रोम ४९ ला थांबलं. त्याचा आणि इंटरनेट एक्सप्लोररचा आग्रह आम्ही धरत नाही, ते दोन्ही सोडून द्या.

कागदावरचा फोन आणि हातातला फोन यांतही फरक असतो. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणारा भाग) प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. पण १६ जीबीचा फोन सुप्रभातच्या फोटोंनी भरलेला असला की 'जागा अपुरी' म्हणून अपडेट अडतात आणि ९५ पर्यंत जाऊ शकणारा फोन ऐंशीच्या घरात पडून राहतो. म्हणून आमची सूचना अशी: डेस्कटॉपसाठी क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५, फोनसाठी क्रोम ८०, आयफोनसाठी सफारी १५ हा तळ, म्हणजे जिथे चालायलाच हवं अशी सगळ्यात जुनी आवृत्ती, धरा. क्रोम ८० का, तर जावास्क्रिप्टमधली ?. आणि ?? (रिकामी किंमत सांभाळणारी) ही दोन्ही चिन्हं त्यात आली. भाषेची २०२० सालची वाक्यरचना तिथे जवळपास पूर्ण चालते, त्यामुळे फार खाली उतरून बिल्ड फुगवावा लागत नाही.

जुन्या ब्राउझरवर अ‍ॅप्लिकेशन दोन वेगळ्या प्रकारे मोडतं, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

पहिला प्रकार वाक्यरचनेचा. ब्राउझर जावास्क्रिप्टची फाइल चालवण्याआधी पूर्ण वाचतो. त्यात एक जरी अनोळखी चिन्ह सापडलं तरी तो अख्खी फाइल नाकारतो. क्रोम ७८ ला ?. दिसलं, किंवा क्रोम ८० ला ??= दिसलं (ते ८५ मध्ये आलं), की तुमचे दोन हजार घटक असोत की वीस हजार, एकही चालत नाही. रिकामी डिव्ह तशीच राहते. तीच ती पांढरी स्क्रीन. याला उपाय म्हणजे बिल्डच्या वेळी नव्या वाक्यरचनेचं जुन्या वाक्यरचनेत रूपांतर, जे बेबल किंवा ईएसबिल्ड हे साधन करतं.

दुसरा प्रकार गैरहजर पद्धतीचा, म्हणजे भाषेतलं एखादं तयार फंक्शन त्या ब्राउझरमध्ये नसण्याचा. पान उघडतं, लॉगिन होतं, खातेदारांची यादीही येते, पण 'नावानुसार लावा' दाबलं की काहीच होत नाही. कारण कोडमध्ये टू-सॉर्टेड वापरलेलं असतं आणि ते क्रोम ११० मध्ये आलं. काउंटरवर १०९ आहे, एका पायरीने हुकलं. ऑब्जेक्ट डॉट ग्रुप-बाय तर ११७ चं. फोनवर ॲरे डॉट अ‍ॅट (९२), स्ट्रक्चर्ड-क्लोन (९८) आणि रिप्लेस-ऑल (८५) असेच दगा देतात. वाक्यरचना बरोबर असल्याने रूपांतर करणारं साधन यांना हातही लावत नाही. इथे पॉलिफिल लागतो, म्हणजे नसलेली पद्धत भरून देणारा कोड, आणि तो कोअर-जेएस या लायब्ररीतून मिळतो.

व्हीट हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांचा एक लाडका गैरसमज असा की बिल्डचं टार्गेट (कोणत्या आवृत्तीसाठी बांधायचं ते) खाली आणलं की काम झालं. व्हीटचं टार्गेट फक्त वाक्यरचना बदलतं, पद्धती भरून देत नाही. त्यासाठी लेगसी प्लगइन बसवा आणि 'मॉडर्न पॉलिफिल्स' हा पर्याय चालू करा. तो बंद ठेवला तर जावास्क्रिप्ट मॉड्यूल समजणाऱ्या, म्हणजे तुलनेने नव्या, ब्राउझरना पॉलिफिल मिळतच नाहीत, आणि क्रोम १०९ हा त्यांच्यातलाच. व्हीट ७ चं मुळातलं टार्गेट क्रोम १०७ आहे. त्यामुळे विंडोज ७ वर वाक्यरचना नशिबाने तरते, पण फोन बुडतात. टार्गेट स्वतः लिहा.

बिल्डसाठी वेबपॅक आणि बेबल वापरत असाल तर नेहमीची चूक वेगळी. बेबल-लोडरच्या नियमात नोड-मॉड्यूल्स (बाहेरच्या लायब्ररींचा फोल्डर) वगळलेलं असतं, कारण पहिल्या दिवशी कुठून तरी उचललेल्या कॉन्फिगमध्ये तसंच होतं. तुमचा कोड जुन्या भाषेत उतरतो आणि तक्ते काढणारी किंवा पीडीएफ बनवणारी लायब्ररी जशीच्या तशी नव्या भाषेत जाते. फाइल एकच, त्यामुळे लायब्ररीतलं एक चिन्ह सगळं पाडतं. ज्या लायब्ररी नव्या वाक्यरचनेत येतात त्या नावानिशी नियमात घ्या. 'यूसेज' पद्धतीने (कोडमध्ये वापरलेल्यांपुरते) पॉलिफिल घेत असाल तर तीही बेबलच्या हाताखालून गेलेला कोडच तपासते. लायब्ररीला काय लागतं ते तिला दिसत नाही. शंका असेल तिथे 'एंट्री' पद्धत (तळाला लागणारे सगळे पॉलिफिल एकदम आणणारी) घ्या. फाइल थोडी वाढेल, वाढू द्या. आणि कोअर-जेएसकडून सगळ्याची अपेक्षा ठेवू नका: तो प्रामुख्याने भाषेतल्या पद्धती देतो, रिसाइझ-ऑब्झर्व्हरसारख्या ब्राउझरच्या सोयी देत नाही.

पॉलिफिल बाहेरच्या सर्व्हरवरून ओढू नका. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यावरून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं. एक लाखाहून जास्त साइट त्यात सापडल्या. पतसंस्थेच्या लॉगिन पानावर तो टॅग अजून शिल्लक असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो काढा.

हे सगळं झाल्यावर बिल्डच्या शेवटी ईएस-चेक चालवा. त्याला भाषेची आवृत्ती २०२० सांगायची आणि तयार फाइलींचा डिस्ट फोल्डर दाखवायचा. कोणत्या फाइलमध्ये तळाखालची वाक्यरचना उरली आहे ते तो सांगतो आणि बिल्ड अडवतो. पॉलिफिल राहिलेत का, यावर मात्र त्याच्या हिरव्या निशाणीवर विसंबू नका. ते खऱ्या ब्राउझरवरच कळतं.

आता सीएसएस, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणारी भाषा. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण सीएसएस ओरडत नाही. न समजलेली ओळ ब्राउझर गुपचूप टाकून देतो. सीएसएसच्या तयार वर्गांचा संच असलेल्या टेलविंडची ४ थी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आणि तिची जाहीर अट क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२८ अशी आहे. विंडोज ७ वरचे दोन्ही ब्राउझर या अटीबाहेर पडतात. प्रत्यक्षात काय होतं ते एका बटणावर पाहा. 'रक्कम जमा करा' हे निळं बटण, त्यावर पांढरी अक्षरं. निळा रंग एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो आणि तो ओकेएलसीएच पद्धतीने लिहिलेला असतो. ही पद्धत क्रोमला १११ पासून समजते. १०९ ला ती कळत नाही, पार्श्वभूमी पारदर्शक होते, आणि पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं राहतात. बटण जागेवर आहे, दाबलं तर पैसेही जमा होतात, पण ते दिसत नाही. कॅशियरला वाटतं की बटणच काढून टाकलं.

तुम्ही म्हणाल, वर एक साधा रंग लिहून ठेवू, नवा कळला नाही तर जुना लागेल. शंभर डीव्हीएचसारख्या (स्क्रीनच्या उंचीवर मोजणाऱ्या) एककाला हे चालतं: आधी १०० व्हीएच लिहा, खाली १०० डीव्हीएच लिहा, क्रोम १०७ पर्यंतचे ब्राउझर दुसरी ओळ वाचतानाच टाकून देतील. व्हेरिएबलला मात्र हे चालत नाही. व्हेरिएबल असलेली ओळ वाचताना वैध मानली जाते, वरची ओळ तिथेच रद्द होते, आणि किंमत बसवायच्या वेळी ती निकामी निघाली की मागे फिरायला काही उरत नाही. त्यामुळे अशा कामासाठी टेलविंड ३.४ वरच थांबा. टेलविंड बनवणाऱ्यांनीही जुन्या ब्राउझरसाठी हेच सुचवलं आहे. नेक्स्ट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या १६ व्या आवृत्तीची अटही क्रोम १११ चीच आहे, तिथेही १५ वर राहा.

सीएसएसच्या बाकी खाचाखोचा थोडक्यात. नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) क्रोमला ११२ पासून आणि फायरफॉक्सला ११७ पासून येतं, तेव्हा ते पोस्ट-सीएसएस या साधनाने सपाट करून घ्या. 'हॅज' हा सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून घटक निवडणारा) क्रोम १०९ ला येतो पण फायरफॉक्स ११५ ला येत नाही. एकाच टेबलावरच्या दोन ब्राउझरमध्ये फॉर्म वेगळा दिसला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. फ्लेक्स मांडणीतला गॅप (घटकांमधलं अंतर) क्रोम ८४ मध्ये आला. त्याखालच्या फोनवर मोबाइल नंबर आणि ओटीपीचे चौकोन एकमेकांना चिकटतात. इथे 'सपोर्ट्स'ची चाचणी लावून फसू नका. ग्रिडमधला गॅप आधीपासून असल्याने ब्राउझर 'हो, येतं' म्हणून मोकळा होतो. सरळ मार्जिन द्या.

आयफोनचा एकच सापळा आहे, पण जबरी आहे. रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांत दाखवण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरातला साचा शोधणारा) एखादा तुकडा सर्रास चिकटवला जातो. त्यात मागे वळून पाहणारा भाग, म्हणजे लुकबिहाइंड, असला तर सफारीला तो १६.४ पासूनच कळतो. आयओएस १५ ला ती वाक्यरचनेची चूक वाटते, म्हणजे पुन्हा अख्खी फाइल बाद. बेबल हे बदलून देत नाही. असा तुकडा मुळात लागतच नाही. इंटल डॉट नंबर-फॉरमॅटला इंग्रजी-भारत हा लोकेल द्या, १२,३४,५६७ असं बरोबर येतं. मराठी-भारत दिलात तर अंक देवनागरी येतात. पावतीवर ते शोभतात, पण तीच अक्षरं परत आकड्यात फिरवायला गेलात तर 'एनएएन' (म्हणजे 'हा आकडा नाही') हाती येतं. हिशेबासाठी मूळ आकडा वेगळा ठेवा.

काही वेळा दोष ब्राउझरचा नसतोच. साइटना एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभं आहे ते अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नाही. ज्या जुन्या मुळाच्या आधाराने ते चालत होतं त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि पुढे दिलेली सवलतही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. परिणामी अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ असूनही 'कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येतो. सभासदांमध्ये असे फोन असतील तर जुन्या मुळापर्यंत साखळी जाणारं प्रमाणपत्र घ्या, आणि सर्व्हरवर मधलं प्रमाणपत्र बसवलंय ना ते पाहा. ते राहून गेलं तर नवा लॅपटॉप तुम्हाला सांगणार नाही, तो स्वतःच शोधून आणतो.

डेस्कटॉपवर तोच इशारा आला तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायला सांगा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की रोज सकाळी यंत्राचं घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात जातं आणि प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं. शंभराच्या आतली वस्तू असते, आणि सर्व्हर तपासण्यात दिवस जातो.

वजनकाट्याबद्दलही दोन शब्द. वेब सिरियल (पानाला सिरियल पोर्ट वाचू देणारी सोय) क्रोम ८९ पासून आहे, म्हणजे विंडोज ७ वरच्या १०९ मध्येही चालतं. फायरफॉक्स ११५ मध्ये नाही. पान एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असावं लागतं. कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, त्यामुळे काट्याचा जुना प्रोग्राम मागे चालू असेल तर तुमच्या पानाला पोर्ट मिळणार नाही. हा संदेश ऑपरेटरला मराठीत आणि स्पष्ट दाखवा: 'काट्याचा जुना प्रोग्राम बंद करा.' 'समथिंग वेंट राँग' वाचून ट्रॅक्टरची रांग हलत नाही.

त्यावरूनच पुढची मागणी. तुमच्या मुख्य फाइलच्या आधी, पानाच्या वरच्या भागात, अगदी जुन्या भाषेत लिहिलेली आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट ठेवा. व्हार आणि फंक्शन, बस्स, बाण (=>) नकोत. तिने विंडोच्या ऑन-एररला कान लावायचा. मुख्य फाइल वाचतानाच पडली तरी ही स्क्रिप्ट जिवंत असते. तिने दोन गोष्टी कराव्यात: स्क्रीनवर 'हे पान या ब्राउझरवर उघडलं नाही, शाखेला कळवा' असं लिहावं, आणि एका प्रतिमेच्या पत्त्याला चिकटवून चूक व ब्राउझरची आवृत्ती सर्व्हरकडे पाठवावी. फाइल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर टॅगवर क्रॉस-ओरिजिन लिहा आणि त्या सर्व्हरवर तशी परवानगीही ठेवा, नाहीतर नुसतं 'स्क्रिप्ट एरर' एवढंच कळतं. महिनाभरात तुमच्याकडे तुमच्याच सभासदांच्या आवृत्त्यांची यादी तयार होईल, आणि आम्ही सुचवलेला तळ वर घ्यायचा की खाली ते तुम्हीच ठरवू शकाल. त्या यादीत क्रोमच्या मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवा, अँड्रॉइडच्या आकड्यावर नको. क्रोम ११० पासून फोन कुठलाही असला तरी तो 'अँड्रॉइड १०' असंच सांगतो.

याच कारणासाठी आवृत्ती वाचून दार बंद करणारी पानं काढा. 'आपला ब्राउझर समर्थित नाही' असा फलक लावून चालू शकणाऱ्यालाही बाहेर ठेवलं जातं. सोय आहे का ते विचारा, नाव विचारू नका.

आणि प्रत्येक गोष्टीला रिअ‍ॅक्ट (ब्राउझरमध्ये पान रचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) लागत नाही. हळदीचे किंवा बेदाण्याचे दिवसाचे दर म्हणजे पंधरा ओळींचा तक्ता. तो सर्व्हरवरच साध्या एचटीएमएलमध्ये तयार करून पाठवला तर कुठल्याही ब्राउझरवर, कसल्याही रेंजमध्ये दिसतो. त्यासाठी दोन एमबीची जावास्क्रिप्ट उतरवायला लावणं हा शेतकऱ्याच्या डेटाचा चुराडा आहे. लॉगिन, शिल्लक पाहणं आणि पावती ही तीन पानंही साध्या फॉर्मवर चालली पाहिजेत, वरची सजावट नंतर चढवा.

सुरक्षेचा मुद्दा तुम्ही काढाल, आणि तो बरोबर आहे. विंडोज ७ चं समर्थन १४ जानेवारी २०२० ला संपलं, पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३ मध्ये संपली. विंडोज १० चंही नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. जुन्या यंत्रांवर कायम काम करत राहा असं आम्ही म्हणत नाही. संस्थेला लेखी कळवा, प्रशासकाचं लॉगिन आणि मोठ्या रकमांची मंजुरी नव्या यंत्रापुरती ठेवा, काउंटरच्या यंत्रावर बाकी इंटरनेट बंद करायला सांगा. फक्त, प्रणाली पाडून संगणक बदलायला लावणं हा सुरक्षेचा मार्ग नव्हे. पांढरी स्क्रीन आली की कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवरून लॉगिन करतो, ते जास्त वाईट.

चाचणीसाठी फार खर्च नाही. एका व्हर्च्युअल मशीनवर विंडोज ७, क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५, दोन जीबी रॅम देऊन. अँड्रॉइड स्टुडिओच्या एम्युलेटरमध्ये अँड्रॉइड ७ ची प्रतिमा. जुन्या आयफोनसाठी ब्राउझरस्टॅकसारखी सेवा तासाभरापुरती. तपासायचं काय, तर लॉगिन, एक भरणा, एक यादी क्रमाने लावणं, एक पावती छापणं. नव्या क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये फोनचा आकार निवडून पाहणं म्हणजे जुन्या ब्राउझरची चाचणी नव्हे. तिथे फक्त खिडकी लहान होते, इंजिन आजचंच राहतं.

शेवटची विनंती व्यवहाराची. पुढच्या कोटेशनमध्ये ही ओळ घाला: "ही प्रणाली विंडोज ७ वरील क्रोम १०९ व फायरफॉक्स ११५, तसेच क्रोम ८० व सफारी १५ पासून पुढे, लॉगिन ते पावती चालेल. तळ बदलायचा झाल्यास ९० दिवस आधी लेखी कळवू." तिचे पैसे लावा, हरकत नाही. सुरुवातीला धरलं तर हे काम थोडंच असतं, आणि संस्थांनाही मग कोणत्या शाखेचं यंत्र आधी बदलायचं ते ठरवता येतं. आणि टेलविंड असो की व्हीट, मोठी आवृत्ती बदलण्याचं काम मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढू नका.

कळावे,
संस्थांचे संगणक आणि वेब प्रणाली सांभाळणारे आम्ही काही जण,
सांगली, मिरज, कुपवाड